पत्र्याखाली काय लावायचे?

वर्कशॉपच्या छपराखाली बसवायच्या इन्सुलेशनचे कोटेशन मागवले की त्यात एक ओळ हमखास असते: 'मटेरियल फायर रिटार्डंट, क्लास वन'. सोबत कुठल्यातरी प्रयोगशाळेच्या दाखल्याची झेरॉक्स. शेडचा मालक ती ओळ वाचतो, दर पाहतो, जाडी विचारतो आणि काम देऊन टाकतो. झेरॉक्स आर्किटेक्टच्या फाइलला लागते. त्या ओळीने नेमकी कशाची हमी दिली, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

विचारायला हवे, कारण त्या ओळीत तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंडाळलेले असतात. वस्तू स्वतः जळते का? तिच्या पृष्ठभागावरून ज्वाला किती वेगाने सरकते? आणि ती ज्या भिंतीत किंवा छपरात बसली आहे, ते अख्खे बांधकाम आगीपुढे किती मिनिटे टिकते? तिन्हींच्या चाचण्या निराळ्या, तिन्हींचे दाखले निराळे. विक्रेता बहुधा दुसऱ्याचे उत्तर देतो आणि ऐकणारा ते पहिल्याचे किंवा तिसऱ्याचे समजतो. निवड फसते ती बहुतेक वेळा इथेच. माल खराब होता म्हणून फसलेली उदाहरणे त्या मानाने कमी.

हे सारे मी लहान-मध्यम वर्कशॉप डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे: फॅब्रिकेशन, सुतारकाम, गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, छोटे मशीन शॉप. भोसरी असो, सातपूर असो की इचलकरंजी, रूप साधारण सारखेच. लोखंडी सांगाडा, खाली वीटकाम, त्यावर पत्रा, छपरालाही पत्रा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हा पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज तापतो आणि खाली उभ्या माणसाला डोक्यावरून भाजून काढतो. इन्सुलेशनची मागणी येते ती या उन्हामुळे. आगीचा विचार तिच्या मागून येतो, तोही दाखला हवा असतो म्हणून.

म्हणून आधी एक आडवा प्रश्न. थर लावण्याची गरज खरेच आहे का? कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत उष्णता वरून येत नाही, भट्टीतून येते. तिथे छपराला जाड थर लावला तर आतली धग आतच कोंडते. तिथे आढ्याजवळ हवा निघून जायला सलग मोकळी वाट हवी. साध्या गॅरेजला पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, दोन-चार टर्बो व्हेंटिलेटर आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या एवढ्यावर पुष्कळ भागते. रंग दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो हे खरे, पण त्याने छताखाली जळणारे काही टांगले जात नाही. एसी चालवायचा असेल, मापनाची यंत्रे ठेवायची असतील, किंवा माणसे दिवसभर पत्र्याच्या अगदी जवळ, पोटमाळ्यावर काम करत असतील, तर इन्सुलेशन हवेच. तेव्हा पुढचे सारे लागू.

आता चाचण्या. त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण दाखला वाचता आला की निम्मी निवड झालेली असते.

पहिल्या प्रश्नाची चाचणी सर्वांत कठोर आणि सर्वांत सरळ. भारतीय मानक आयएस ३८०८. नमुना ७५० अंश सेल्सिअस तापलेल्या लहानशा उभ्या भट्टीत सोडतात. त्यामुळे भट्टीचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे चढले किंवा ज्वाला धरून राहिली, की तो पदार्थ ज्वलनशील. ब्रिटिश मानक बीएस ४७६ च्या भाग ४ मध्ये ही मर्यादा ५० अंशांची आणि ज्वालेसाठी १० सेकंदांची आहे. इथे 'बऱ्यापैकी' असा शेरा मिळत नाही. एक तर पास, नाही तर नापास. रॉकवूल, चिकटवणारे रेझिन बेताचे असलेले ग्लासवूल, कॅल्शियम सिलिकेट बोर्ड या चाचणीतून सुटतात. पफ (पॉलियुरेथेन फोम), थर्माकोल किंवा पॉलिइथिलीनचा फोम सुटत नाही, त्यात आगविरोधी रसायन कितीही घातलेले असो.

कोटेशनमधला 'क्लास वन' येतो तो दुसऱ्या चाचणीतून, बीएस ४७६ च्या भाग ७ मधून. साधारण नव्वद सेंटिमीटर लांबीची पट्टी तापलेल्या पॅनेलसमोर काटकोनात उभी करतात, टोकाला ज्योत लावतात आणि दहा मिनिटे पाहतात. ज्वाला १६५ मिलिमीटरच्या आत थांबली तर क्लास वन. पट्टी जळत नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पॅनेलकडून येणारी धग चकचकीत फॉइल परतवते, त्यामुळे फॉइल चढवलेल्या मालाला या चाचणीत चांगलाच हात मिळतो. शेडमध्ये मात्र फॉइल शिडीच्या टोकाने फाटते, उंदीर कुरतडतात, इलेक्ट्रिशियन तिला भोके पाडतो. प्रयोगशाळेतला नमुना कोरा होता. छतावरचा माल तीन वर्षांनी तसा राहत नाही.

अमेरिकी बोगदा-चाचणी, एएसटीएम ई ८४, हीही दाखल्यांत वारंवार दिसते. पंचवीस फूट लांब बोगद्याच्या छताला नमुना लावतात आणि ज्वाला किती पुढे गेली ते मोजतात. सिमेंट बोर्डाला शून्य, रेड ओकच्या लाकडाला सुमारे शंभर, आणि पंचविसाच्या आत आला तो क्लास ए. थर्माकोलसारखा पदार्थ या बोगद्यात वितळून तळाशी पडतो. छतावर जळायला काही उरले नाही म्हणून आकडा लहान येतो! १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्लॅस्टिक फोम उद्योगावर याच संदर्भात कारवाई केली. लहान चाचण्यांच्या बळावर 'सेल्फ एक्स्टिंग्विशिंग', 'नॉन बर्निंग' असे शब्द जाहिरातीत वापरू नयेत, असे तेव्हा ठरले आणि संशोधनासाठी उद्योगाला ५० लाख डॉलरही मोजावे लागले. या गोष्टीला अर्धे शतक लोटले. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत 'सेल्फ एक्स्टिंग्विशिंग' हा शब्द अजूनही ठळक टायपात असतो.

'यूएल ९४' चा दाखला कोणी पुढे केला तर तो विनम्रपणे परत करावा. ती उपकरणांतल्या प्लॅस्टिकच्या बोटभर तुकड्याची चाचणी आहे. छपराशी तिचा संबंध नाही.

युरोपची वर्गवारी मला त्यातल्या त्यात उपयोगी वाटते. ए१, ए२, मग बी पासून एफ पर्यंत, आणि पुढे दोन शेपट्या: एस म्हणजे धूर, डी म्हणजे जळते थेंब. आयात केलेल्या आणि आता इथल्याही काही पॅनेलवर ती छापलेली असते. वर्कशॉपच्या दृष्टीने या सगळ्यात मोलाचे अक्षर शेपटीतले डी. छतावरून जळते थेंब खाली पडणार ते भुशावर, ऑइल लागलेल्या चिंध्यांवर, थिनरच्या डब्यावर. एका कोपऱ्यातली आग मग एका मिनिटात दहा ठिकाणी लागते. डी०, म्हणजे जळते थेंब नाहीत, असा शेरा नसेल तो माल, बाकी आकडे कितीही देखणे असोत, वेल्डिंगच्या डोक्यावर नको.

तिसरी चाचणी अख्ख्या बांधकामाची, आयएस ३८०९. भट्टीचे तापमान ठरलेल्या वक्राने चढवत नेतात: अर्ध्या तासाला सुमारे ८४० अंश, तासाला ९४५, दोन तासांना १०५०. भिंत उभी राहिली का, तिला ज्वाला जाईल अशी भेग पडली का, आणि पलीकडची बाजू सरासरी १४० अंशांहून जास्त तापली का, हे पाहतात. यात इन्सुलेशनला एकट्याला गुण मिळतच नाहीत. पार्टिशनचा एक तासाचा दाखला त्याच बोर्डाचा, त्याच जाडीचा, तेवढ्याच अंतरावरच्या स्टडचा आणि त्याच घनतेच्या रॉकवूलचा असतो. यातले एक बदलले की दाखला गेला. आपल्याकडे सर्रास बदलते ते आतले रॉकवूल, कारण बोर्ड बंद झाल्यावर ते दिसत नाही.

दाखल्यांवर एवढा भर देण्याला आणखी एक कारण आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ जण गेले. बाहेरून लावलेल्या क्लॅडिंगमध्ये पॉलिइथिलीन होते, त्यामागचे इन्सुलेशन मुख्यतः पीआयआर या पफच्या जातीच्या फोमचे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने उत्पादकांवर ठपका ठेवला तो चाचण्या आणि दाखले हाताळून बाजाराची दिशाभूल केल्याचा. ब्रिटनसारख्या नियमांच्या देशात हे घडले. आपल्या वर्कशॉपवाल्याच्या हातात तर बऱ्याचदा तिसऱ्या पिढीची झेरॉक्स असते, जिच्यावर नमुन्याची जाडीही वाचता येत नाही.

मालाकडे वळू. सर्वांत जास्त खपतो तो बबल फॉइल आणि त्याचे भाऊबंद: फुगे असलेले किंवा फोम केलेले पॉलिइथिलीन, दोन्हीकडून चंदेरी. स्वस्त, हलके, दोन माणसे दिवसात शेड उरकतात. पॉलिइथिलीन म्हणजे घट्ट केलेले मेणच. पेटले की वितळते आणि जळत टपकते. क्रॉसलिंक केलेला प्रकार जरा बरा. कोठारात किंवा कोंबड्यांच्या शेडवर कोणी ते लावले तर मी वाद घालणार नाही, पण जिथे ग्राइंडर आणि वेल्डिंग आहे तिथे ते नकोच.

थर्माकोल शंभर अंशांच्या आतच मऊ पडते आणि आक्रसते. फॉल्स सीलिंगच्या वर त्याच्या शीट नुसत्या ठेवून देण्याची पद्धत अजून आहे. आगविरोधी रसायन घातलेल्या प्रकारावर कोपऱ्यात एसई असे लिहिलेले असते. तो ज्योत काढली की विझतो, ज्योत असेपर्यंत जळतो. खऱ्या आगीत ज्योत कोणी काढून घेत नाही.

पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, हा या बाजाराचा राजा. दोन पत्र्यांमध्ये पफ भरलेले सँडविच पॅनेल छप्पर आणि इन्सुलेशन दोन्ही एकदम देते, दिसायला नेटके, उष्णता अडवण्यात सर्वांत पुढे. ५० मिलिमीटर पफइतके काम करायला रॉकवूल ७५ ते ८० मिलिमीटर लागते. त्यातले पाणी न शोषणारे बंद कप्पे कोकणात फार उपयोगी. पण जळताना पफ दाट काळा धूर सोडतो आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असते. पीआयआर हा त्याचा सुधारलेला अवतार. त्याच्यावर कोळशाचा थर चटकन धरतो, आग आत शिरायला वेळ लागतो. चांगल्या पीआयआर पॅनेलला मोठ्या आकाराच्या चाचण्यांत मान्यता मिळालेली आहे, हेही खरे. तरी तो अज्वलनशील नव्हे, आणि पफच्या कारखान्यातून पीआयआरच्या नावाने काय बाहेर पडते ते फॅक्टरीच्या बॅच रिपोर्टशिवाय कळत नाही. दोन्ही फोमसाठी मानक एकच, आयएस १२४३६. 'आयएसप्रमाणे आहे' एवढ्याने पफ की पीआयआर हा उलगडा होत नाही.

फवारलेला पफ याहून अवघड. पत्र्याच्या आतून पिवळसर फेस मारून तो तसाच उघडा ठेवतात. अमेरिकेच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये खोलीच्या बाजूने उघड्या फोमला सर्वसाधारणपणे मज्जाव आहे. मध्ये अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा तेवढे संरक्षण देणारा थर लागतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये घराच्या गॅरेजात सुतारकामाचा छंद जोपासणाऱ्या आपल्या मंडळींना इन्स्पेक्टर हेच विचारतो. ही अट इथेही उचलावी, कोणी विचारो न विचारो.

नायट्राइल रबर एसीच्या डक्टसाठी ठीक. छपरासाठी महाग आणि अनावश्यक.

राहिली खनिज लोकर. ग्लासवूल सहाशे-सातशे अंशांच्या आसपास मऊ पडते. रॉकवूल हजारच्या पुढेही आपला आकार धरून राहते. नुसते ऊन अडवायचे असेल तर घनमीटरला २४ किंवा ३२ किलोचे ग्लासवूल पुरते. आगीची भिंत करायची असेल तर ६४ किंवा ९६ किलोचे रॉकवूल घ्यावे. पत्र्याखाली जीआय जाळी ताणून तिच्यावर ब्लँकेट अंथरण्याची पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. नायलॉनच्या दोरीवर ते टांगू नये. आगीत आधी दोरी जाते. बसवताना अंगाला खाज सुटते म्हणून कारागीर कुरकुरतात. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. ती खाज दोन दिवसांची असते.

लोकरीत एक फट मात्र राहते, तिच्यावरच्या कागदाची. लोकर अज्वलनशील, पण तिला चिकटवलेला क्राफ्ट कागद, त्याचा गोंद आणि पॉलिप्रॉपिलीनची पांढरी फिल्म जळणारी. दाखला उघड्या लोकरीचा असतो आणि माल येतो आवरणासकट. ऑर्डरमध्ये म्हणून स्पष्ट लिहावे: आवरणासह चाचणीचा अहवाल हवा. काचेच्या तंतूंचे काळे टिश्यू किंवा काचेच्या कापडावर चढवलेली फॉइल यांवर समाधान मानता येते.

पावसाळ्याचे काय? रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात उघडी लोकर छताखाली लावली की पत्र्याच्या आतून सुटणारे पाणी ती पिते, जड होते, लोंबते, आणि वरचा पत्रा आतून गंजतो. म्हणून तिथले लोक पफ मागतात. त्यांचे चुकत नाही. यावर उपाय रॉकवूल भरलेले सँडविच पॅनेल. दोन्ही पत्रे सलग, सांधे ब्युटाइल टेपने बंद. ते पफपेक्षा जड असते: पफचा गाभा घनमीटरला साधारण ४० किलोचा, रॉकवूलचा शंभरच्या आसपास. त्यामुळे जुन्या सांगाड्यावर चढवण्याआधी पर्लिनचा, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचा, हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही आणि मागाहून वाद होतो.

जुन्या शेडवरच्या सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस शीटबद्दल दोन शब्द. त्या जळत नाहीत, हे खरे. आगीत त्या फटाक्यासारख्या तडकून फुटतात, आणि कापल्या-फोडल्या की त्यांचे तंतू फुप्फुसात जातात. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉस बंद केले. अशा शीटला खालून थर लावण्यासाठी ड्रिलने भोके पाडणे सर्वांत वाईट. पुढेमागे छप्पर बदलायचेच असेल तर आताच बदलावे.

भिंतींसाठी वेगळे इन्सुलेशन शोधण्यापेक्षा हलक्या एएसी ब्लॉकची भिंत घालणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. एकाच वेळी ऊन अडते, आग अडते, आणि पेंट-बूथ किंवा गॅस सिलिंडरची खोली वेगळी काढता येते. वर्कशॉपमध्ये धोका सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. जिथे थिनर आहे, भुसा आहे, बॅटरी चार्जिंग आहे, तो भाग भिंतीने तोडला तर उरलेल्या छपराचा प्रश्न बराच सोपा होतो. त्या भिंतीतून केबल आणि पाइप जातात तिथली भोके मात्र फायर सीलंटने बुजवावी लागतात. पफच्या स्प्रे कॅनने बुजवलेली भोके मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की आता आश्चर्य वाटत नाही.

आता संहिता काय म्हणते. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली, २०१६ मध्ये तिची मोठी सुधारणा झाली, आणि आगीचा विषय तिच्या भाग ४ मध्ये आहे. तिथे कारखाने 'जी' गटात. धोक्यानुसार जी-१, जी-२, जी-३ असे पोटभाग. एकच शेड, आत लोखंड कापले तर कमी धोक्याची आणि फोमच्या गाद्या केल्या तर जास्त धोक्याची. आतील पृष्ठभागांचे ज्वाला पसरण्यावरून चार वर्ग केले आहेत, पहिला सर्वांत सुरक्षित, चौथा झपाट्याने पेटणारा. जिन्यात आणि ये-जा करण्याच्या मार्गात काय चालते हे त्यावरून ठरते. ५०० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या इमारतीत भार पेलणारे लोखंडी खांब आणि तुळया आगीपासून संरक्षित असाव्यात, अशीही तरतूद आहे. ही ओळ फारशी कोणी वाचत नाही. लोखंड ५५० अंशांच्या सुमारास आपली निम्मी ताकद गमावते. छपराला रॉकवूल आणि खांब उघडे, अशी शेड संहितेला पुरी पडत नाही. खांबांना आगीत फुगणारा इंट्युमेसंट पेंट, कॅल्शियम सिलिकेटचे आवरण किंवा साधे वीटकाम, काहीतरी हवे.

संहिता स्वतः कायदा नाही, शिफारस आहे. तिला बळ येते ते राज्याच्या नियमांतून. महाराष्ट्रात २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली, मुंबईत डीसीपीआर २०३४, एमआयडीसीच्या हद्दीत महामंडळाचे स्वतःचे नियम आणि अग्निशमन विभाग. या सगळ्यांवर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. या अधिनियमात जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, म्हणजे भाड्याची शेड असली तरी हात झटकता येत नाहीत. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीचा नमुना अ, आणि दर जानेवारी-जुलैत ती चालू असल्याचा नमुना ब. गोम अशी की नमुना ब हे सिलिंडर, हायड्रंट, अलार्म यांचे प्रमाणपत्र आहे. छपराला गेल्या उन्हाळ्यात काय चिकटवले, हे त्यात येत नाही. ना हरकत दाखल्याच्या वेळी शेड उघड्या पत्र्याची असते, थर दोन वर्षांनी चढतो, आणि कागदोपत्री सारे जागच्या जागी असते.

विमा मात्र ते विचारू शकतो. २०२१ पासून लहान उद्योगांसाठी असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' सारख्या पॉलिसीतही बांधकामाचे वर्णन मालकानेच द्यायचे असते. पॅनेलचा गाभा कशाचा, हे प्रस्तावात लिहून ठेवले तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअरशी हुज्जत टळते.

थर आणि ठिणगी एकत्र आल्यावर काय होते, याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी पत्र्याच्या दुमजली शेडमध्ये लोक खेळत असताना वेल्डिंग चालू होते आणि जवळ फोमच्या शीट होत्या. २७ जणांचा बळी गेला, त्यात मुले होती. अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नव्हता. त्याआधी पुण्याजवळ मांजरीला, सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नव्या इमारतीत, २१ जानेवारी २०२१ रोजी पाच कामगार गेले. वेल्डिंगची ठिणगी आणि तिथले ज्वलनशील इन्सुलेशन असा प्राथमिक अंदाज तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी तेव्हा बोलून दाखवला होता. ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी वरच्या रस्त्याच्या सांध्याचे वेल्डिंग चालले होते. वितळलेले थेंब खाली छताच्या पोकळीतल्या पॉलिस्टायरीनवर पडले. ते आत धुमसत राहिले, मग एकदम भडकले. १७ जण गेले. आणि इंग्लंडच्या हेरफर्डला १९९३ मध्ये कोंबडीप्रक्रियेच्या कारखान्यात दोन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, तेव्हा गाजला तो सँडविच पॅनेलचा प्रश्न. दोन पत्र्यांच्या आत आग पळते, बाहेरून दिसत नाही. पाणी मारले तर ते पत्र्यावरून ओघळते, गाभ्यापर्यंत पोचत नाही. गोंद सुटला की पत्रे गळून पडतात.

म्हणजे पॅनेल निवडतानाच सांधे आणि कडा यांचा विचार करायचा. एक्झॉस्ट फॅनसाठी पॅनेल कापले की गाभा उघडा पडतो. त्या कडेला पत्र्याचा चॅनेल बसवल्याशिवाय बिल देऊ नये. वायरिंग थरातून नेऊ नये. चोहोबाजूंनी इन्सुलेशनमध्ये दडलेली केबल उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि तिची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. ती लोखंडी पाइपातून, थराच्या खालून न्यावी. उजेडासाठी बसवलेल्या एफआरपी आणि पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक शीटही जळतात, हे विसरले जाते. त्या वेल्डिंग बेच्या बरोबर वर नसाव्यात एवढे तरी पाहावे.

माझी स्वतःची निवड विचाराल तर फॅब्रिकेशन किंवा सुतारकामाच्या शेडला, घाटावर: जीआय जाळीवर ५० मिलिमीटर ग्लासवूल, काचेच्या कापडाचे आवरण, आणि वेल्डिंगच्या जागेवर तेवढ्या भागापुरते रॉकवूल आणि खालून साधा पत्रा. किनारपट्टीला रॉकवूल पॅनेल, पर्लिनचा हिशेब करून. पफ किंवा पीआयआर फक्त अशा खोलीला जिथे ठिणगी येणारच नाही: मापनकक्ष, कोल्ड रूम, कार्यालय. तीही एएसी भिंतीने तोडलेली. यात पैसे थोडे जास्त जातात, पण फरक छपराच्या एकूण खर्चाकडे पाहता फार नाही. खर्च लोखंडात असतो.

ज्यांच्या शेडला थर्माकोल किंवा पफ आधीच लागलेला आहे त्यांचे काय? लगेच सगळे काढणे प्रत्येकाला परवडणार नाही. उघडा फोम असेल तर खालून जिप्सम किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्डाने झाकता येतो. बोर्डाचे वजन सांगाड्याने पेलायला हवे आणि बोर्ड फोमला चिकटवून चालत नाही, स्क्रूने लोखंडात धरावा लागतो. वेल्डिंगची जागा बाहेर, अंगणात हलवणे हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त उपाय. ते शक्य नसेल तर वेल्डिंगच्या दक्षतेसाठी आयएस ३०१६ आहे, आणि अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी मधला नियम लक्षात ठेवायला सोपा: अकरा मीटरच्या परिघात जळणारे काही नको, आणि काम संपल्यावर तासभर एका माणसाने तिथेच बसून लक्ष ठेवायचे. ड्युसेलडॉर्फची आग अशीच आत धुमसली होती, हे त्या माणसाला सांगून ठेवावे, नाही तर तो चहाला जातो.

दारावर, आत येणाऱ्या जवानाला दिसेल असे, छपराच्या पॅनेलचा गाभा कशाचा आहे ते मराठीत रंगवून ठेवावे. आणि थर काढायचा दिवस येईल तेव्हा कंत्राटदार गॅस कटर घेऊनच येईल, कारण गंजलेला बोल्ट त्याने पटकन सुटतो. त्या कामापुरता कटर आणि ग्राइंडर दोन्ही गेटवर ठेवायला लावावेत. बोल्ट पान्याने निघत नसेल तर हॅकसॉने कापावा, पत्रा निबलरने. दिवस जास्त लागतात, म्हणून त्या जास्तीच्या दिवसांचा दर वर्क ऑर्डरमध्ये आधीच धरून द्यावा.